काजू फोडायचा कुणी?

काजू फोडणं हे हात जाळणारं काम आहे. टरफलाच्या आत जो काळा, दाट चीक असतो तो कातडीला लागला की फोड येतात, बोटांची सालपटं निघतात, नखांच्या कडा काळ्या पडतात आणि हंगाम संपला तरी काळ्याच राहतात. आमच्या सिंधुदुर्गात हे काम बायका करतात. केरळात कोल्लमला पिढ्यान् पिढ्या बायकाच करत आल्या. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, मोझांबिकमध्येही हजारो बायका हेच करत होत्या. असलं काम आपल्याकडेच राहावं म्हणून कुणी जिवाच्या आकांतानं भांडेल असं बाहेरून बघणाऱ्याला वाटणार नाही. मोझांबिकचे कामगार भांडले, आणि हरले. त्यांचं काम दुष्काळानं गेलं नाही. युद्धानंही नाही, युद्ध तोवर संपलं होतं. ते गेलं कर्जाबरोबर आलेल्या एका अटीनं. आणि तिथली न फोडलेली बी जहाजात भरून जिथे येत राहिली, तो देश आपला.

म्हणून ही गोष्ट मला लांबची वाटत नाही. आफ्रिका गरीब का, या प्रश्नावर आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं आणि त्यातलं बरंचसं ऐकवत नाही. तिथले लोक आळशी, तिथले पुढारी भ्रष्ट, जगानं इतकी मदत केली तरी काही उपयोग नाही, असं शिकलेली माणसं जेवणाच्या पंगतीत सहज बोलून जातात. पंगतीत वाढलेल्या मसालेभातात काजू असतात. ते काजू कुठून आले, याची चौकशी केली तरी या बोलण्यातलं निम्मं गळून पडेल.

काजूचं झाड मूळचं ब्राझीलचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणलं, तसंच मोझांबिकला नेलं. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभारही गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली होता, म्हणजे एकाच सत्तेनं दोन किनाऱ्यांवर एकच झाड रुजवलं. आपल्याकडे त्यानं कातळाच्या कडेची, दुसरं काही न पिकणारी जमीन धरली. तिकडे नाम्पुला प्रांताच्या किनारपट्टीपासून दक्षिणेतल्या इन्यांबानेपर्यंत ते पसरलं. तिथेही काजू मोठ्या मळ्यांचं पीक झालं नाही. घराभोवती, मका आणि कसाव्याच्या शेताच्या बांधावर, ज्याची त्याची दहा-वीस झाडं. बोंडांची दारू घरोघरी, बी विकून मीठ, कापड, साबण. वेंगुर्ल्याच्या माणसाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक काजूच्या पिकात जगात पहिल्या क्रमांकावर होता. वर्षाला दोन लाख टनांवर बी बाजारात येत होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आफ्रिकेत सगळ्यांत आधी त्यांनी स्वतःचा काजू स्वतः फोडायला घेतला. राजधानीतल्या, म्हणजे तेव्हाच्या लोरेन्सो मार्केसमधल्या आणि आजच्या मापुतोतल्या, शामांकुलू वस्तीत जीवा जमाल थरानी या भारतीय वंशाच्या व्यापाऱ्यानं १९५० च्या सुमारास कारखाना काढला. लोक त्याला मालकाच्या नावावरून ‘तराना’च म्हणत. इतिहासकार जीन पेनवेन यांनी पुढे तिथल्या जुन्या कामगार बायकांच्या मुलाखती घेतल्या. त्यातून कळतं की मोझांबिकच्याच गाझा आणि इन्यांबाने प्रांतांतल्या खेड्यांतून निघून आलेल्या या बायका होत्या. कुणी विधवा, कुणी नवऱ्याचा मार सोडून आलेली, कुणाचा नवरा दक्षिण आफ्रिकेच्या खाणीत गेला तो परतलाच नव्हता. पगार तुटपुंजा, ठरलेलं माप पुरं केलं तरच हातात पडणारा. पण शहरात स्वतःच्या नावावर पैसा मिळवायचा बाईमाणसाला तोच एक सरळ रस्ता होता, आणि त्या पैशावर त्यांनी पोरं वाढवली. काम वाईट होतं, म्हणून ते गेल्याचं दुःख कमी होत नाही. हे गावाकडे बघत मोठी झालेली कुणीही सांगेल.

२५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला. समोरा माशेल यांच्या सरकारनं १९७८ मध्ये कच्ची बी बाहेर पाठवायला बंदी घातली. उद्देश सरळ होता: बी आपली, तर ती फोडायची मजुरीही आपली. पण १९७७ पासून यादवी पेटली होती. ऱ्होडेशिया (आजचा झिंबाब्वे) आणि नंतर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या पाठबळावर चाललेल्या रेनामो संघटनेनं रस्ते, रेल्वे, शाळा, दुकानं उद्ध्वस्त केली. १९९२ मध्ये रोमला तह झाला तोवर सुमारे दहा लाख माणसं युद्धानं आणि त्यातून आलेल्या भुकेनं गेली होती. वाटांवर सुरुंग, गावं ओस. काजूची झाडं म्हातारी झाली, त्यांच्यावर भुरी पडली, फवारायला कुणी नव्हतं. सरकारच्याही चुका होत्या. शेतकऱ्याला भाव ठरवून दिला जायचा, तोही पडेल असा, आणि विकत घेण्यासारखं दुकानात काही नसायचं. मग बी वेचून तरी काय करायचं?

इथे जागतिक बँक येते. मोझांबिक १९८४ मध्ये बँक आणि नाणेनिधीचा सदस्य झाला होता आणि १९९० च्या दशकात तर बाहेरून येणाऱ्या मदतीशिवाय सरकारचा गाडा हलत नव्हता. शिक्षकांचे पगार, दवाखान्यातली औषधं, सगळं त्यावर. अशा वेळी बँकेनं काजूविषयी आपलं मत मांडलं. ते मत मी मुद्दाम नीट सांगते, कारण ते बावळटपणाचं किंवा दुष्टपणाचं नव्हतं. बँकेचं म्हणणं असं: कारखान्यांत काम करणारे काही हजार, पण काजू पिकवणारी कुटुंबं दहा लाख, आणि तीच देशातली सगळ्यांत गरीब. कच्च्या बीच्या निर्यातीवर कर लावून तुम्ही कारखान्यांना स्वस्त बी मिळवून देता, म्हणजे गरिबाच्या खिशातून काढून कारखानदाराला देता. त्यात तुमची यंत्रं जुनी. बी आपटून फोडणाऱ्या त्या यंत्रांत निम्मा गर तुकडा होतो. भारतातल्या बायका हातानं फोडतात, अख्खा काजू काढतात, त्याला भाव चांगला. तेव्हा बी तशीच भारताला विका, कर काढा, शेतकऱ्याला चार पैसे जास्त मिळू द्या.

कागदावर हे वाचताना मान डोलावीशी वाटते. १९९५ मध्ये देशासाठीच्या मदतीच्या कार्यक्रमात ही अट घातली गेली. निर्यातकर झपाट्यानं खाली आला, २० टक्के, मग १४, आणि तो शून्यावर न्यायचा होता. याच काळात सरकारी कारखाने खासगी मालकांना विकले गेले होते, तेही बहुतेक देशातल्याच लोकांना. ते त्यांनी संरक्षण राहणार या भरवशावर घेतले होते. कागदांवरची शाई वाळायच्या आत भरवसा संपला. कारखाने एकेक करून बंद पडले. सुमारे दहा हजार कामगार होते, त्यातले बहुतेक सगळे २००१ पर्यंत घरी बसले.

आणि शेतकऱ्याला काय मिळालं? अर्थतज्ज्ञ डॅनी रॉड्रिक, मार्गारेट मॅकमिलन आणि कॅरन वेल्च यांनी २००२ मध्ये हा हिशेब मांडला. काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला या सुधारणेतून वर्षाकाठी फार तर सव्वापाच डॉलर जास्त मिळाले. वर्षाकाठी. महिन्याला अर्ध्या डॉलरहूनही कमी. मधला पैसा व्यापाऱ्यांकडे राहिला. गाव ते बंदर या वाटेवर ट्रक ज्याचा, रोख पैसा ज्याचा, भाव त्याचा, आणि सुरुंगांनी फाटलेल्या त्या देशात ट्रक आणि रोकड मोजक्याच लोकांकडे होती.

या हिशेबाला आणखी एक पदर आहे. काजूगर विकत घेणारे देश पुष्कळ: अमेरिका, युरोप, आखात. कच्ची बी घेणारा तेव्हा जवळपास एकटा भारत. मोझांबिकचे स्वतःचे कारखाने चालू होते तोवर भारतीय खरेदीदाराला त्यांच्याशी चढाओढ करावी लागत होती. कारखाने बंद झाल्यावर बंदरात एकच गिऱ्हाईक उभं राहिलं. अडला हरी, दुसरं काय. बाजार खुला केला असं म्हणताना प्रत्यक्षात बाजारातला एक खरेदीदार कमी केला गेला, हे बँकेच्या गणितात कुठे बसलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत पटते, कारण ती आमच्या घरात पाहिलेली आहे. भाव वाढला की शेतकरी जास्त झाडं लावेल, असं बँकेला वाटत होतं. काजूचं कलम लावलं तरी पीक धरायला तीन-चार वर्षं, बियाणाचं झाड असेल तर त्याहून जास्त. माझ्या आजोबांनी सरकारी योजना बघून कधी झाड लावलं नाही. योजना दर दोन वर्षांनी बदलते, झाड तीस वर्षं उभं राहतं. ज्या शेतकऱ्यानं पोर्तुगीज पाहिले, बंदी पाहिली, युद्ध पाहिलं, त्यानं वॉशिंग्टनच्या एका कागदावर विश्वास टाकून खड्डे खणावेत ही अपेक्षाच चुकीची होती. ते खणले गेले नाहीत.

हे सगळं घडत असताना तिथे कुणी गप्प बसलं नव्हतं. कामगार संघटनेनं मोर्चे काढले. कार्लोस कार्दोसो नावाचा पत्रकार होता. फॅक्सवरून वर्गणीदारांना पाठवलं जाणारं ‘मेटिकल’ नावाचं छोटं दैनिक तो चालवायचा. मोजकी पानं, फोटो नाहीत, जाहिराती जवळपास नाहीत. त्यात तो काजूवर लिहायचा, सतत, आकडे देऊन: किती बी बंदरातून गेली, काय भावानं गेली, कुठल्या कारखान्याचा भोंगा आज वाजला नाही. त्याचा मुद्दा एकच होता, की आपल्या देशानं काय बनवावं हे आपण ठरवायचं. १९९७ मध्ये बँकेचे अध्यक्ष जेम्स वुल्फेन्सन मापुतोला आले तेव्हा हा विषय त्यांच्यापुढे मांडला गेला, आणि बँकेनं स्वतःच्या खर्चानं नवा अभ्यास करून घेतला. त्या अभ्यासातही निघालं की शेतकऱ्यापर्यंत फायदा पोचलेला नाही आणि कारखान्यांना संरक्षणाची गरज आहे. १९९९ मध्ये तिथल्या संसदेनं कर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांवर नेला. तोवर कारखान्यांच्या दाराला कुलपं लागून गंज चढला होता. एकदा विखुरलेले कामगार, विकलेली यंत्रं, बुडालेलं भांडवल कायद्यानं परत येत नाही.

पॉल क्रुगमन यांच्यासारख्या मोठ्या अर्थतज्ज्ञानं २००० मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये बँकेचीच बाजू घेतली. म्हणजे वाद खरा होता, दोन्हीकडे विचार करणारी माणसं होती. पण कार्दोसो आणि बँकेचे तज्ज्ञ यांच्यात एक फरक होता. गणित चुकलं तर तज्ज्ञाची बदली होते. कार्दोसोच्या गल्लीतली बाई उपाशी राहते. २२ नोव्हेंबर २००० ला मापुतोत भर रस्त्यात कार्दोसोला गोळ्या घातल्या गेल्या. ते काजूमुळे नाही, तिथल्याच एका बँकेतल्या मोठ्या घोटाळ्याच्या मागे तो लागला होता म्हणून. बाहेरच्या बलाढ्य संस्थेला प्रश्न विचारणारा आणि घरातल्या चोरांना प्रश्न विचारणारा माणूस एकच होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आफ्रिकेच्या गरिबीचा दोष एक तर सगळा गोऱ्यांचा किंवा सगळा तिथल्या पुढाऱ्यांचा, असं वाटून टाकणाऱ्यांनी कार्दोसोकडे बघावं.

घरातल्या चोरांचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. २०१३-१४ मध्ये मोझांबिक सरकारातल्या काही लोकांनी मासेमारीच्या बोटी आणि किनारा-संरक्षण यांच्या नावानं परदेशी बँकांकडून सुमारे दोन अब्ज डॉलर उचलले. त्यातलं बरंचसं कर्ज संसदेपासूनही लपवलेलं. २०१६ मध्ये ते उघड झालं तेव्हा नाणेनिधीनं आणि देणगीदार देशांनी हात आखडता घेतला, चलन कोसळलं. तेव्हाचे अर्थमंत्री मानुएल शांग यांना २०२४ मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयानं दोषी ठरवलं. शिक्षा मंत्र्याला झाली, पण महागाईचा मार आणि दवाखान्यातली रिकामी कपाटं ज्यांच्या वाट्याला आली त्यांनी त्या बोटी डोळ्यांनीही पाहिलेल्या नव्हत्या.

आता आपल्या किनाऱ्यावर येते. माझ्या आतेभावाचा सावंतवाडी तालुक्यात काजूचा छोटा कारखाना आहे. मार्च ते मे आपली गावठी आणि वेंगुर्ला जातींची बी मिळते, ती पुरते फार तर काही महिने. मग वर्षभर बायकांना काम द्यायचं तर बाहेरची बी लागते. ती २०२४ पर्यंत बेनिनहून यायची, अजूनही येते ती गिनी-बिसाऊहून, आयव्हरी कोस्टहून, आणि आपल्याकडे थंडीत टांझानिया-मोझांबिकहून, कारण तिकडचा हंगाम ऑक्टोबरला सुरू होतो. गोदामात पोत्यांची थप्पी असते. ऐंशी किलोच्या पोत्यामागे किती पाउंड गर निघेल त्याला धंद्यात आउटटर्न म्हणतात. दादा पोत्यात परखी खुपसून मूठभर बी काढतो, अडकित्त्यासारख्या कातरीनं दोन तुकडे करतो, गर भरलेला आहे की सुरकुतलेला ते बघतो आणि आकडा सांगतो. त्याचा आकडा सहसा चुकत नाही. चार किलोच्या वर बी फोडावी तेव्हा एक किलो गर हाती लागतो.

बी आधी बॉयलरमध्ये वाफवायची, रात्रभर थंड होऊ द्यायची. सकाळी बायका कटिंगच्या यंत्रांवर बसतात. डाव्या हातानं बी पात्यांच्या मध्ये ठेवायची, पाय दाबायचा, पातं मिटतं, दांडा फिरवला की टरफल उघडतं. समोरची बाई सुईनं गर मोकळा करते. हाताला आधी तेल आणि राख. मग गर ड्रायरमध्ये, मग वरची तांबडी साल काढायची, मग प्रतवारी: अख्खा, पाकळी, तुकडा, आणि अख्ख्यात पुन्हा १८०, २१०, २४०, ३२०. आकडा जितका लहान तितका काजू मोठा. पैसे किलोवर. अख्खा कमी आणि तुकडा जास्त निघाला की दादाचा चेहरा पडतो आणि बायकांच्या लक्षात येतं.

एकदा मी तिथे मोझांबिकची ही सगळी कथा सांगत बसले होते. दादाला माहीत होती तेवढी बी आणि तिचा आउटटर्न, पुढचं नव्हतं. सुईवर बसलेल्या एका काकींनी मान वर न करता विचारलं, “गो बाय, थंयच्या बायांका किलोक किती गावत हुता?” मी सांगितलं, त्यांनाही मापावरच मिळायचं, ठरलेलं माप भरलं नाही तर पैसे कापले जायचे. काकी म्हणाल्या, “म्हंजे आमच्यासारख्याच.” मग दादा म्हणाला, “थंयच्यांनी थंयच फोडूक घेतल्यानी तर आमका बी खंयसून गावतली?”

दादाचा प्रश्न खरा आहे. आणि त्याच्या शेजारी आणखी एक प्रश्न उभा आहे, तो आमच्या बागायतदारांचा. आफ्रिकेची बी आली की इथल्या बीचा दर पडतो, ही त्यांची दरवर्षीची तक्रार. किलोला दोनशे रुपये हमीभाव द्या म्हणून मोर्चे निघाले. २०२४ मध्ये राज्य सरकारनं किलोमागे दहा रुपये अनुदान दिलं. म्हणजे नाम्पुलाच्या शेतकऱ्याला भाव नाही, कारण गिऱ्हाईक एकच, आणि आजऱ्याच्या-चंदगडच्या, दोडामार्गच्या शेतकऱ्याला भाव नाही, कारण नाम्पुलाची बी स्वस्त. दोघं एकमेकांना ओळखत नाहीत आणि एकमेकांचा भाव पाडतात. मधे जो उभा आहे त्याच्यापर्यंत दोघांचाही आवाज पोचत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास परिषदेनं २०२१ मध्ये दाखवून दिलं की आयव्हरी कोस्टच्या शेतकऱ्याला जो भाव मिळाला त्याच्या साडेतीन पट भावानं भारतातून गर युरोपला गेला, आणि तिथे भाजून, खारवून, पाकिटात भरून झाला तेव्हा किंमत साडेआठ पट झाली होती. जगातली निम्म्याहून जास्त बी आफ्रिकेत पिकते, पण त्यातली १५ टक्केही तिथे फोडली जात नव्हती. जगात जी कच्ची बी आयात होते तिच्यातली जवळपास सगळी भारत आणि व्हिएतनाम या दोन देशांत जाते. गिनी-बिसाऊमध्ये तर देशाच्या निर्यातीतला नव्वद टक्क्यांहून जास्त हिस्सा कच्च्या काजूचा. तिथे पावसाळ्याच्या तोंडाला घरातलं धान्य संपलेलं असतं तेव्हा व्यापारी तांदूळ घेऊन गावात येतो आणि काजूच्या बदल्यात देतो. चांगल्या वर्षी किलोला किलो. वाईट वर्षी एका किलो तांदळाला दोन-तीन किलो काजू. हा व्यवहार दोन्ही बाजूंच्या संमतीनं होतो, त्यात कुणी कायदा मोडत नाही, आणि मी त्याला न्याय म्हणू शकत नाही.

आणि हे नुसतं बाजाराच्या चालीनं होत नाही, दारं कुणीतरी बांधलेली आहेत. आपल्याच सरकारनं २०१८ च्या अर्थसंकल्पात कच्च्या बीवरचं आयातशुल्क ५ टक्क्यांवरून अडीच टक्के केलं. २०१९ मध्ये फोडलेल्या गरावरचं शुल्क ४५ वरून ७० टक्क्यांवर नेलं, शिवाय किमान आयातकिंमत घातली ती वेगळी. बी आणा, गर आणू नका. आपल्या कामगार बायकांसाठी हे केलं असं सांगितलं जातं आणि त्यात तथ्य आहे. पण मोझांबिकनं बी थोपवून आपल्या बायकांची मजुरी राखायचा प्रयत्न केला तेव्हा त्याला हे करता येणार नाही असं सांगण्यात आलं. भारताला असं सांगायची कुणाची ताकद नव्हती, कारण भारताचे शिक्षकांचे पगार परदेशी मदतीवर अवलंबून नव्हते. व्हिएतनामनं स्वतःचे कारखाने उभारले आणि २००६ मध्ये गराच्या निर्यातीत भारतालाही मागे टाकलं. जे आपल्याला चाललं, व्हिएतनामला चाललं, ते मोझांबिकला चालणार नाही असं ठरवण्याचा अधिकार मदतीच्या धनादेशातून आला. माझा मदतीला विरोध नाही. देवीच्या लशीपासून एड्सच्या औषधांपर्यंत मदतीनं आफ्रिकेत जीव वाचवलेले आहेत. जी मदत देशाकडून निर्णय काढून घेते तिला माझा विरोध आहे.

तुरीचंही असंच झालं. २०१६ मध्ये डाळी भडकल्या तेव्हा आपण मोझांबिकशी करार केला: तूर पेरा, आम्ही दरवर्षी वाढती घेऊ. झांबेझिया आणि नाम्पुलाच्या शेतकऱ्यांनी पेरली. त्याच वर्षी आपल्याकडे तुरीचं विक्रमी पीक आलं, मराठवाड्यात खरेदी केंद्रांपुढे पोत्यांच्या रांगा लागल्या, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये आपण तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली. करारातला कोटा कागदावर शाबूत होता, पण तिथल्या गावच्या बाजारात भाव कोसळला. तो डाळीचा प्रकार तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणात फारसा नाही, तो मुख्यतः आपल्यासाठीच पिकवलेला होता.

टांझानियात २०१८ मध्ये व्यापाऱ्यांनी पडेल भाव देऊ केला तेव्हा अध्यक्ष मागुफुली यांनी लष्कराला काजू खरेदी करायला लावलं, किलोला ३,३०० शिलिंग. त्राग्यातून केलेला उपाय होता तो, शेतकऱ्यांचे पैसे रखडले, आणि गोदामात पडलेली बी फोडायला पुरेसे कारखाने देशात नव्हतेच. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्याच कर्जातून तिथे काजूचे कारखाने उभे राहिले होते. त्यांपैकी बहुतेक कधी पूर्ण क्षमतेनं चालले नाहीत. नुसता कारखाना बांधून भागत नाही. वीज लागते, हातात खेळतं भांडवल लागतं, कारण बी तीन महिन्यांत घ्यायची आणि गर वर्षभर विकायचा. दादा इथे आठ-नऊ टक्क्यांनी कर्ज मिळालं तरी कुरकुरतो. मापुतोत याहून कितीतरी जास्त व्याज मोजून हा धंदा करायचा.

तरी लोक करताहेत. नाम्पुलात २००० नंतर छोटे कारखाने उभे राहिले. त्यांनी जुनी अवाढव्य यंत्रं सोडून भारतातल्यासारखी हाताची कातर घेतली. आयव्हरी कोस्ट आता जगात सगळ्यांत जास्त बी पिकवतो, तिथलं सरकार फोडलेल्या गरावर किलोमागे अनुदान देतं, आणि अलीकडच्या वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा ओलांडून बी देशातच फुटायला लागली आहे. बेनिननं तर १ एप्रिल २०२४ पासून कच्ची बी बाहेर पाठवायलाच बंदी घातली. बेनिनची बी आमच्याकडे सगळ्यांत आवडती होती, आउटटर्न चांगला, साल सहज निघायची. दादाच्या गोटात त्यावरून बरीच आदळआपट झाली.

माझं म्हणणं मी त्याला सांगितलं आणि इथेही सांगते. बेनिनच्या बाईनं बेनिनची बी फोडावी. मोझांबिक, टांझानिया, गिनी-बिसाऊ यांच्यासारख्या देशांतून येणाऱ्या फोडलेल्या गराला आपण दार उघडावं, सत्तर टक्क्यांची भिंत त्यांच्यासाठी नसावी. त्यानं सावंतवाडीतल्या काकींचं काम कमी होईल, हे मला दिसतं, आणि ते नुकसान काकींच्या अंगावर ढकलून मोकळं होणं मला मान्य नाही. मापुतोत तेच झालं होतं: धोरण बदललं आणि जिच्या हातचं काम त्यानं गेलं तिला कुणी विचारलं नाही. इथल्या बागायतदाराला हमीभाव द्यावा म्हणजे इथली बी वाढेल, कोकणात अजून पडीक कातळ भरपूर आहेत. आणि आपली स्वतःची बी फोडणाऱ्या बाईला किलोवर नाही, दिवसावर, कायद्यात लिहिलेली मजुरी मिळावी, हातमोज्यांसकट. दादा म्हणाला, असं केलं तर काजू महाग होईल. होऊ दे.